मेंढीकोटवाल्यांसाठी मॅजिक अरीना : पहिल्या टूर्नामेंटआधी

मेंढीकोटला बसलं की चौघांचा गठ्ठा एकच असतो. ५२ पत्ते पिसायचे, वाटायचे आणि मेंढ्या कुणाकडे जातात ते बघायचं. मॅजिकमध्ये प्रत्येक जण आपला गठ्ठा घरून बांधून आणतो. त्यामुळे निम्मा डाव बसण्याआधीच झालेला असतो, आणि नवखा खेळाडू हरतो तोही बऱ्याचदा तिथेच. चुकीच्या फॉरमॅटचा (कुठले पत्ते चालतील त्या नियमाचा) डेक म्हणजे गठ्ठा, फुकट घालवलेली वाइल्डकार्डं (हवा तो पत्ता मिळवून देणारी कूपनं), घाईत भरलेली यादी, चुकलेली वेळ. समोरच्याने खेळून हरवलं असं म्हणायला पुढे फारसं काही उरतच नाही.

मॅजिक हा १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांनी काढलेला कागदी पत्त्यांचा खेळ. अरीना ही त्याची ऑनलाइन आवृत्ती, मोबाइलवर २०२१ पासून आहे. सोलापुरातल्या खेळाडूला कागदी पत्ते गोळा करत बसण्यापेक्षा हीच सोयीची, म्हणून इथे अरीनाबद्दलच लिहिलं आहे. हर्थस्टोन किंवा पोकेमॉन हे असेच पत्त्यांचे खेळ खेळणाऱ्यांना पत्त्यांचे आकडे वेगळे लागतील, पण नोंदणी आणि वेळापत्रकाच्या भानगडी तिथेही याच आहेत.

‘टूर्नामेंट’ म्हणजे नेमकं काय

या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे ॲपमधले इव्हेंट. गोल्ड किंवा जेम्स (ॲपमधली दोन चलनं) भरायचे आणि ठरावीक विजय किंवा ठरावीक पराभव होईपर्यंत खेळायचं. वेळेचं बंधन नाही. आज दोन मॅच, उरलेल्या परवा, असंही चालतं. दुसरी म्हणजे ॲपच्या बाहेर भरवलेली स्पर्धा. नोंदणी एखाद्या संकेतस्थळावर, बोलणं डिस्कॉर्ड या चॅट-ॲपवर, आणि मॅच अरीनात एकमेकांना थेट चॅलेंज पाठवून. इथे राउंडची वेळ ठरलेली असते, न्यायनिवाड्याला जज असतो, आणि उशीर झाला तर हार लागते.

आधी पहिला प्रकार करा, मग दुसरा. मात्र पहिल्यातही कुठे पैसे भरायचे ते बघून.

सगळ्यात आधी आठवड्याच्या मधल्या दिवसांत येणारा मिडवीक मॅजिक इव्हेंट. तो फुकट असतो आणि हरलात तरी खिशातून काही जात नाही. त्यानंतर जंप इन: १००० गोल्ड किंवा २०० जेम्स. २०-२० पत्त्यांची दोन पाकिटं निवडायची, त्यांचा मिळून ४० पत्त्यांचा तयार डेक होतो आणि ते पत्ते तुमच्याकडेच राहतात. डेक बांधायची अक्कल अजून आलेली नसताना यापेक्षा चांगला सौदा नाही.

ड्राफ्टकडे, म्हणजे तिथल्या तिथे एकेक पत्ता निवडून डेक बांधायच्या इव्हेंटकडे, मात्र सगळे धावतात. तिथे नवे पत्ते मिळतात, मजा येते आणि ‘७ विजयांना ९५० जेम्स’ ही पाटी डोळ्यांसमोर असते. क्विक ड्राफ्टची फी ५००० गोल्ड किंवा ७५० जेम्स. ७ विजय किंवा ३ पराभव झाले की संपलं. ० विजयाला ५० जेम्स, १ ला १००, २ ला २००, ३ ला ३००, ४ ला ४५०, ५ ला ६५०, ६ ला ८५०, ७ ला ९५०, वर पॅक (नव्या पत्त्यांची पाकिटं). आता हिशेब मांडा. निम्म्या मॅच जिंकणारा खेळाडू (आणि नवखा तितक्याही जिंकत नाही) दर दोन ड्राफ्टपैकी एकात ० ते २ विजयांवरच बाहेर पडतो. सगळ्या शक्यता धरून त्याला सरासरी ३४७ च्या आसपास जेम्स परत मिळतात. म्हणजे ७५० गेले, ३४७ आले. प्रीमियर ड्राफ्टची फी १५०० जेम्स. तिथे निम्म्या मॅच जिंकणाऱ्याला सरासरी ८२० परत येतात. ड्राफ्ट वाईट असं नाही. फक्त ती कमाई नाही, करमणुकीवरचा खर्च आहे. यात्रेतल्या पाळण्याला पैसे देतो, तसाच. फीचे आकडे बदलू शकतात, म्हणून भरायच्या आधी इव्हेंटच्या पडद्यावरचं बक्षिसांचं कोष्टक उघडून बघा.

ड्राफ्ट करायचाच असेल तर आधी क्विक. त्यात पत्ते निवडताना समोर बॉट असतात आणि घड्याळ नसतं. मधेच लाइट गेली तरी निवड जागच्या जागी थांबते. प्रीमियरमध्ये आठही जण माणसं, प्रत्येक निवडीला मोजके सेकंद. नेट गेलं की ॲप तुमच्या वतीने वाट्टेल तो पत्ता उचलतं. ड्राफ्टच्या ४० पत्त्यांच्या डेकमध्ये १७ लँड (बाकीचे पत्ते खेळायला लागणारं ‘माना’ नावाचं इंधन देणारे पत्ते) ठेवा. ‘१५ वर भागेल’ असं प्रत्येकाला एकदा तरी वाटतंच. भागत नाही.

एकाच रंगाचा डेक

आता खरा मुद्दा. मॅजिकचे पत्ते रंगांत विभागलेले असतात, आणि त्या त्या रंगाचा पत्ता खेळायला तो रंग देणारी लँड लागते. पहिल्या टूर्नामेंटला एकाच रंगाचा डेक न्या. शक्यतो लाल, झटपट हल्ला करणारा. हे कंटाळवाणं वाटेल. यूट्यूबवर तीन रंगांचे भन्नाट डेक फिरत असतात, पण एका रंगाने नवख्याच्या निम्म्या अडचणी जागीच मिटतात.

पहिली अडचण वाइल्डकार्डांची. अरीनात नको असलेले पत्ते मोडून हवे ते बनवता येत नाहीत. हवा तो पत्ता मिळवायचा तर त्याच दर्जाचं वाइल्डकार्ड खर्चावं लागतं. पॅक १००० गोल्डला. दर ६ पॅकांमागे एक रेअर (दुर्मीळ दर्जाचं) वाइल्डकार्ड पक्कं, अधूनमधून त्याजागी मिथिक (त्याहून दुर्मीळ). रोजचा क्वेस्ट (ॲपने नेमून दिलेलं काम) ५०० किंवा ७५० गोल्डचा, दिवसातला पहिला विजय २५० चा. म्हणजे मनापासून खेळलात तर दिवसाला साधारण एक पॅक आणि आठवड्याला एखादं पक्कं रेअर वाइल्डकार्ड. दोन रंगांच्या डेकला दोन्ही रंग देणाऱ्या लँड लागतात, आणि चांगल्या लँड रेअरच असतात, ८ ते १२ तरी. म्हणजे दोन-अडीच महिन्यांची बचत लँडमध्येच गेली, हल्ल्याचा एकही पत्ता हाती नाही. एका रंगाच्या डेकला साध्या माउंटन (लाल लँड) पुरतात, त्या फुकट आहेत. वाइल्डकार्ड खर्चताना आणखी एक बघा. स्टँडर्ड या फॉरमॅटमधून जुने संच ठरावीक काळाने बाद होतात, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ‘फाउंडेशन्स’ संच किमान २०२९ पर्यंत चालणार असं जाहीर झालेलं आहे. दोन पत्त्यांमध्ये मन अडलं तर त्या संचातला घ्या.

क्वेस्टबद्दल एवढंच: ते तीनपर्यंत साठतात, आपल्याकडे दुपारी अडीचला नवा येतो, आणि दिवसातून एक बदलून घेता येतो. ५०० वाला असेल तर बदलून बघा, ७५० चा आला तर फायदा.

दुसरी अडचण लँडच्या संख्येची. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये २४ लँड असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत सरासरी २.८ लँड येतात. शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के. ६ किंवा ७ येण्याची सव्वा टक्क्याच्या थोडी वर. म्हणजे दर सहा-सात हातांत एक हात टाकाऊ. आता ‘जास्त हल्लेखोर बसवू’ म्हणून लँड २० वर आणल्या, तर शून्य-एक लँडचा हात येण्याची शक्यता थेट २५ टक्क्यांजवळ जाते. चारात एक! स्वस्तातल्या लाल डेकला २१-२२ चालतात, कारण त्यातले बहुतेक पत्ते एक-दोन मानाचे असतात. पण यूट्यूबवरच्या डेकमधून लँड काढून आपले लाडके पत्ते घालण्याचा मोह आवरा.

इथे एक छुपी गंमत आहे. अरीनात एका गेमच्या मॅचमध्ये ॲप गुपचूप एकाहून जास्त हात काढतं आणि डेकमधल्या लँडच्या प्रमाणाला जवळचा हात तुम्हाला देतं. तीन गेमच्या मॅचमध्ये ही मेहेरबानी नसते. रोज एकच गेम खेळून ज्याला वाटतं की २० लँडवर मस्त चालतंय, तो टूर्नामेंटमध्ये दोन लँड घेऊन बसतो. तिथे तीन गेमचीच मॅच असते. म्हणून सरावही तीन गेमचाच करा, निदान शेवटचा आठवडाभर.

वाईट हात आला तर मुलिगन घ्या. पुन्हा ७ पत्ते मिळतात, त्यातला एक तळाला घालायचा. दुसऱ्यांदा घेतलं तर दोन. एक लँडचा हात ‘पुढे येतीलच’ म्हणून ठेवणं ही नवख्याची सगळ्यात महागडी सवय. सहा चांगले पत्ते सात वाईटांपेक्षा बरे.

तिसरी अडचण पडद्यावरची, आणि हिच्याबद्दल कुणी सांगत नाही. पत्ता खेळला की ॲप स्वतःच लँड आडव्या करतं, म्हणजे त्या पाळीपुरत्या वापरून टाकतं. समजा तुमच्यासमोर दोन माउंटन आणि एक प्लेन्स (पांढरी लँड) आहे. हातात कुठल्याही रंगाच्या दोन मानाचा एक पत्ता आणि पांढऱ्या एका मानाचा दुसरा. पहिला पत्ता ओढून पटावर टाकलात आणि ॲपने एक माउंटन आणि ती एकुलती प्लेन्स आडवी केली, तर दुसरा पत्ता हातातच राहिला. उपाय असा: आधी हव्या त्या लँडवर बोट ठेवून त्या स्वतः आडव्या करा, मग पत्ता खेळा. डेक एका रंगाचा असेल तर कुठली लँड आडवी झाली याने सहसा काही बिघडत नाही. पहिल्या टूर्नामेंटला धास्तावलेल्या डोक्याला तेवढंच एक ओझं कमी.

मोबाइलवर उजवीकडे खाली एकच मोठं बटण असतं आणि त्यावरचं लिखाण बदलत राहतं. कधी पुढचा टप्पा, कधी सगळ्यांनी हल्ला, कधी पाळी संपली. दोनदा पटकन दाबलं की हल्ल्याचा टप्पा निसटतो किंवा ज्याला मागे ठेवायचं होतं तोही हल्ल्याला जातो. परत घेता येत नाही आणि जजकडेही याला औषध नाही. दाबण्याआधी बटणावर काय लिहिलंय ते वाचा. आणि हो, शेजारी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं ताट नको. तेलकट बोटाखाली पत्ता घसरतो, भलत्याच ठिकाणी पडतो.

घरून बांधून न्यायच्या डेकमध्ये बरोबर ६० पत्ते, ६१ नाही. महत्त्वाच्या पत्त्याच्या ४ प्रती ठेवल्या तर तो पहिल्या सातात असण्याची शक्यता ४० टक्के असते, एकच प्रत असेल तर १२ टक्क्यांच्या आत. ‘सगळ्यातलं थोडं थोडं’ हे जेवणाच्या ताटात ठीक.

नोंदणी, यादी, वेळ

बाहेरच्या स्पर्धांसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं संकेतस्थळ म्हणजे मेले डॉट जीजी. उच्चार तसाच आहे, मराठी माणसाने शकुन-अपशकुन बघू नये. खातं काढताना अरीनातलं नाव त्यामागच्या चिन्हासह आणि आकड्यांसह जसंच्या तसं भरा. आकडे राहिले तर समोरच्याला तुम्ही सापडत नाही, तो दहा मिनिटं शोधतो आणि मग जजला हाक मारतो.

फॉरमॅट बघा. स्टँडर्ड आणि अल्केमी हे दोन वेगळे फॉरमॅट आहेत. अल्केमीत फक्त ऑनलाइनच असणारे पत्ते चालतात आणि काही जुन्या पत्त्यांचे गुणही बदललेले असतात. अरीनात डेक बांधताना वर फॉरमॅट निवडलेला असतो. तो अल्केमीवर राहिला आणि तुम्ही तसाच डेक स्टँडर्डला भरला, तर यादी नाकारली जाते. तीही बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात. मॅजिकच्या अधिकृत संकेतस्थळावर बंदी घातलेल्या पत्त्यांची यादीही ताजी बघून घ्या. गेल्या महिन्यातला व्हिडिओ पुरावा म्हणून चालत नाही.

यादी हाताने टाइप करू नका. अरीनात डेक उघडून एक्स्पोर्ट दाबलं की सगळी यादी कॉपी होते, ती तशीच चिकटवा. मुख्य ६० आणि साइडबोर्डचे (गेमांच्या मध्ये बदलून घ्यायचे राखीव पत्ते) जास्तीत जास्त १५, दोन्ही. मग त्या डेकला वेगळं नाव द्या आणि त्याला हात लावू नका. रात्री सराव करताना एक पत्ता बदलला आणि विसरलात, तर भरलेली यादी आणि खेळलेला डेक जुळत नाही. त्याला गेम गमावण्याची शिक्षा होते, चूक अजाणता झाली असली तरी.

साइडबोर्डचं गणित कागदावर लिहून ठेवा. या प्रकारच्या डेकसमोर हे ३ बाहेर, हे ३ आत. गेमांच्या मध्ये बदल करायला मोजका वेळ मिळतो. घाईत ३ आत येतात आणि बाहेर काढायचे राहतात, मग डेक ६३ चा होतो. ॲप त्याला अडवत नाही, कारण ६० ही किमान संख्या आहे. १५ च्या १५ जागा भरल्याच पाहिजेत असंही नाही. वापरता येतील असे ८ पत्ते कसे वापरायचे ते माहीत असणं जास्त उपयोगी.

आता वेळ. इथे हातचा अर्धा तास चुकतो, कारण आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. मध्य युरोपातली संध्याकाळी ७ ची स्पर्धा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला, हिवाळ्यात साडेअकराला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची दुपारी १२ ची स्पर्धा उन्हाळ्यात रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला. घड्याळ ते लोक बदलतात, आपण नाही. त्यातही अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि युरोप शेवटच्या रविवारी, म्हणून मार्चमधले मधले दोन-तीन आठवडे विशेष घोळाचे. चेक-इन, म्हणजे ‘मी हजर आहे’ असं कळवणं, स्पर्धेच्या आधी ठरावीक वेळेत करावंच लागतं. नुसत्या नोंदणीने नाव राउंडला जात नाही.

राउंड किती होतील ते खेळाडूंच्या संख्येवरून आधीच कळतं. स्विस पद्धतीत (दर राउंडला सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लागतात) ९ ते १६ जणांना ४ राउंड, ३२ पर्यंत ५, ६४ पर्यंत ६, १२८ पर्यंत ७. एका राउंडला ५० मिनिटं आणि वरची दहा धरा. ४० जणांची स्पर्धा साडेदहाला सुरू झाली की सहावा राउंड संपेपर्यंत पहाटेचे साडेचार. सोमवारी सकाळी कामावर जायचं असेल तर रविवारची रात्र घेऊ नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची शनिवारी रात्री आठची स्पर्धा उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला पडते. त्यासाठी उठणं सोपं, आणि दुपारच्या जेवणाआधी मोकळे होता.

वेळ ठरवताना हवाही बघा, ही गोष्ट गमतीची नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या नाहीतर वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत, चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर दुपारी खेळलात तर फोन तापतो, स्वतःहून वेग कमी करतो आणि चित्रं अडखळू लागतात. तिकडे तुमच्या पाळीची वात जळत राहते. १०० टक्के चार्ज करून चार्जर काढून बसा, कव्हर काढा, पंख्याच्या झोतात ठेवा. चार्जिंग दोन राउंडांच्या मधल्या वेळात करा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आदल्या दिवशी एकदा लावून बघा. नेट तुटलं तर ॲप बंद करून पुन्हा उघडा, बहुतेक वेळा त्याच मॅचमध्ये परत जाता येतं. घड्याळ मात्र तेवढा वेळ तुमचंच पळत असतं. अरीनाचं अपडेट सकाळीच करून ठेवा. नवा संच आला की ते मोठं असतं.

राउंड चालू असताना

जोड्या लागल्या की डिस्कॉर्डवर समोरच्याला दोन शब्दांचा नमस्कार करा आणि चॅलेंज पाठवा. सेटिंगमध्ये तीन गेमची मॅच निवडलीय का ते दोघांनीही बघायचं. एका गेमची मॅच चुकून खेळली गेली तर निस्तरायला वेळ जातो. समोरचा आलाच नाही तर त्याच्यासाठी थांबून राहू नका, लगेच जजला कळवा. मॅच संपली की निकालाच्या पडद्याचा फोटो घ्या आणि २-१ किंवा २-० असा पूर्ण आकडा भरा. जिंकलेल्याने भरला असेल असं समजून दोघंही गप्प राहतात आणि सगळा राउंड त्यांच्यासाठी अडतो.

विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गुण सारखे झाले तर तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी किती जिंकलं ते आधी मोजतात. म्हणून पहिल्या राउंडला हरणं शेवटच्या राउंडला हरण्यापेक्षा महाग पडतं: पुढचे प्रतिस्पर्धीही हरलेल्यांतलेच मिळतात. पण स्विसमध्ये हरलं म्हणून कुणी बाहेर जात नाही, खेळत राहता येतं. झोप आली आणि सोडायचंच असेल तर ‘ड्रॉप’ दाबून सोडा. नुसता फोन ठेवून झोपलात तर पुढच्या राउंडला कुणीतरी तुमची वाट बघत बसतं.

बरोबरी संगनमताने मान्य करणं नियमात बसतं. पण नाणं उडवून विजेता ठरवणं, किंवा ‘मला जिंकू दे, बक्षीस वाटून घेऊ’ असं बोलणंसुद्धा नियमाबाहेर आहे आणि त्यात दोघांनाही स्पर्धेतून बाद केलं जातं. मित्रामित्रांत सहज म्हटलेलं वाक्यही चॅटमध्ये लिहिलेलंच राहतं.

पैशांचं एक. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे ऑनलाइन खेळांचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना त्याने बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ई-स्पोर्ट्स वेगळे धरले आहेत, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते. तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘दोनशे रुपये यूपीआय करा, जिंकणाऱ्याला दोन हजार’ म्हणत असेल, तर तिथे जाऊ नका. मॅजिकच्या फुकट स्पर्धा भरपूर असतात. बक्षिसात जेम्स किंवा पॅक असले तरी नवख्याचं काम भागतं.

अरीनात मॅच मागे जाऊन बघायची सोय नाही. पाहायची असेल तर मोबाइलचं स्क्रीन रेकॉर्डिंग लावून ठेवा, पण त्यानेही फोन तापतो. त्यापेक्षा वही बरी. प्रत्येक गेमला एक ओळ: कुठला डेक समोर होता, पहिल्या हातात किती लँड होत्या, तो हात ठेवला की टाकला, कोणत्या पत्त्याने हरलो. सहा राउंडांच्या पंधरा-एक ओळी होतात. त्यांत तीनदा एकच लँडचा हात ‘ठेवला’ असं दिसलं, तर पत्ते बदलायची गरज नाही. पुढच्या स्पर्धेला तोच डेक भरा, फार तर साइडबोर्डचे दोन-तीन पत्ते बदला. मग एक्स्पोर्ट पुन्हा करायला विसरू नका.